कीर्ती

कीर्ती (स्त्रीलिंगी नाम) : सत्कृत्य, पराक्रम, दातृत्व किंवा विद्या यांमुळे लोकांच्या तोंडी होणारे व टिकून राहणारे नाव.

व्युत्पत्ती : ‘उच्चारणे, वाखाणणे’ या अर्थाच्या संस्कृत धातूपासून हा शब्द बनला. ‘कीर्तन’ याच धातूचा (पहा : कीर्तन). पाणिनीने अष्टाध्यायीत (३.३.९७) ‘कीर्ति’ हा शब्द निपातनाने (सूत्रात तयार रूपच देऊन) सिद्ध मानला आहे.

रूपे : मराठीत सुटा शब्द दीर्घान्त (कीर्ती, कीर्तीचा, कीर्तीने), समासात पूर्वपद ऱ्हस्वान्त (कीर्तिमुख, कीर्तिस्तंभ). विरुद्धार्थी : अपकीर्ती, दुष्कीर्ती. मराठीत ‘कीर्तिमान’ हे विशेषण. हिंदीत त्याचा अर्थ ‘विक्रम’ असाही होतो.

अर्थच्छटा : संस्कृतात ‘यश’ व ‘कीर्ती’ जवळचे, मराठीत ‘यश’ मुख्यतः कार्यसिद्धी दाखवते (पहा : यश). ‘प्रसिद्धी’ला गुणाची अट नाही, ती जाहिरातीनेही मिळते. ‘लौकिक’ घराण्याचा, पेढीचा वा शाळेचाही असतो. कीर्ती पसरते, दिगंत होते. तिला बट्टा लागतो.

महत्त्व : भगवद्गीतेत (१०.३४) स्त्रीवाचक विभूतींत कीर्तीचा उल्लेख पहिला आहे. संस्कृत कविसंकेतानुसार तिचा रंग शुभ्र (पहा : कविसंकेत). मंदिरशिल्पात कीर्तिमुख (पहा : कीर्तिमुख), तर चितोडगडावर जैन कीर्तिस्तंभ आढळतो. रामदासांच्या ‘मनाचे श्लोक’मध्ये देहामागे कीर्ती उरावी असा उपदेश आहे. दिवंगत व्यक्तीच्या नावाआधी लिहिले जाणारे ‘कीर्तिशेष’ हे विशेषण, माणूस गेला व कीर्ती तेवढी उरली, हाच अर्थ सांगते.