पाऊल व घोटा : प्रतिमा-निदान

पाऊल व घोटा यांतील हाडे, सांधे, अस्थिबंध आणि कंडरा यांच्या इजा व आजार ओळखण्यासाठी एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी स्कॅन आणि एमआरआय वापरतात. एका पावलात 26 हाडे असतात. एक्स-रेत ती एकमेकांवर येतात, म्हणून एका बाजूने काढलेला फोटो पुरत नाही.

मुरगळलेल्या प्रत्येक पायाचा एक्स-रे लागतोच असे नाही. कॅनडात इयन स्टिल व सहकाऱ्यांनी 1992 मध्ये मांडलेले ओटावा नियम यासाठी उपयोगी पडतात. घोटा दुखत असताना त्याच्या आतल्या व बाहेरच्या उंचवट्यांपैकी एखाद्या हाडाच्या मागच्या कडेवर, टोकापासून 6 सेंमी.पर्यंत, दाबल्यावर कळ आली किंवा रुग्णाला चार पावलेही टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढावा. त्यामुळे आधी बोटाने नीट चाचपून पाहणे आले.

रुग्णाला झेपत असेल तर एक्स-रे उभ्यानेच काढावा, हे वारंवार सांगावे लागते. पाऊल भार पेलण्यासाठी आहे आणि भार पडल्यावरच त्यातला बिघाड उघडा पडतो. लिस्फ्रँक इजेत पावलाच्या मध्यभागातील अस्थिबंध तुटतो. झोपवून काढलेल्या फोटोत सगळे जागेवर दिसू शकते. त्याच पायावर उभे केले की अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या लांब हाडांच्या मुळांशी फट पडते. ती जेमतेम 2 मिमी. असली तरी महत्त्वाची. अशा रुग्णाच्या तळव्यावर काळानिळा डाग दिसला, तर एक्स-रे चांगला आला म्हणून त्याला घरी पाठवू नये.

उंचावरून पडून टाचेचे हाड फुटले, तर तुकडे कुठे सरकले हे सीटी दाखवतो. टाचेमागची जाड कंडरा किंवा तळव्याचा सुजलेला पडदा पाहायला सोनोग्राफी सोयीची. पाऊल हलवत असतानाच कंडरा पाहता येते.

सततच्या धावण्याने हाडाला गेलेला बारीक तडा एक्स-रेत दोन-तीन आठवडे दिसत नाही. एमआरआयमध्ये मज्जेतली सूज लवकर कळते. मधुमेहींमध्ये असे लवकर कळण्याला फार महत्त्व आहे. संवेदना गेलेले पाऊल अचानक लाल, गरम झाले, सुजले आणि फारसे दुखत नसले, तर तो बधिर पावलाची हाडे व सांधे खचवणारा शार्को विकार असू शकतो. सुरुवातीचा एक्स-रे निर्दोष असला तरी एमआरआय होईपर्यंत त्या पायावर भार देऊ नये. चालत राहिल्यास कमान कोसळते.