अमरदा रोड विमान दुर्घटना

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ओडिशातील अमरदा रोड (मयूरभंज) येथे प्रशिक्षणाच्या उड्डाणात घडलेला अपघात. येथे ब्रिटिश शाही हवाई दलाचे हवाई युद्ध प्रशिक्षण केंद्र होते. २६ जुलै १९४५ रोजी सहा विमानांच्या व्यूहबद्ध उड्डाणाचा सराव चालू असताना लिबरेटर जातीची दोन चार एंजिनी बाँबफेकी विमाने कमी उंचीवर परस्परांवर आदळली. त्यांतील चौदाही जण मृत्यू पावले. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच जपानने शरणागती जाहीर केली.

शत्रूच्या लढाऊ विमानांवर एकवटून मारा करता यावा, म्हणून बाँबफेकी विमाने व्यूहात जवळजवळ उडत. या जवळिकीत किंचित चूकही घातक ठरे आणि कमी उंचीवर हवाई छत्रीने उडी घेण्यास अवधी नसे.

लढायांच्या इतिहासात अशा मृत्यूंना क्वचितच स्थान मिळते. तथापि ते तुरळक नव्हते. ब्रिटनच्या बाँबफेकी दलाच्या सु. ५५,५०० मृतांपैकी आठ हजारांहून अधिक प्रशिक्षणात वा अन्य अपघातांत दगावले. १९१७ मध्ये स्थापन झालेला राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोग मात्र रणांगणावरील व सरावातील मृत्यूंत भेद करीत नाही. पश्चिम व मध्य भारतातील विखुरलेल्या थडग्यांसाठी पुण्याजवळ खडकी येथे त्याने उभारलेल्या स्मशानभूमीत दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ थडगी आहेत. सर्व हुद्द्यांना तेथे सारखीच शिळा असून तीवर नाव, दल व मृत्युदिनांक कोरतात. मृत्यूचे कारण कोरीत नाहीत.