परसवाड्याहून दर्या किती दूर?

मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात परसवाडा नावाचे तहसिलीचे गाव आहे. भाताची शेती, जंगल, आणि कोणत्याही दिशेला निघा, समुद्र शेकडो किलोमीटर दूर. आमचे एक नातेवाईक नोकरीनिमित्त तिथे असतात. त्यांच्या नववीतल्या मुलीने मला फोनवर विचारले, "काका, शिडाची बोट चालवायला शिकायचे तर समुद्राकाठी जन्मावे लागते का?" तिच्या वडिलांचे मत तसे आहे, आणि गोव्याच्या माणसाने त्याला दुजोरा द्यावा अशी त्यांची अपेक्षा असावी. मी म्हटले, बघून सांगतो. कारकुनाला फाईल चाळल्याशिवाय शेरा मारता येत नाही.

फाईल सुरू होते ती निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्यापासून. १९७१ च्या युद्धातले वीरचक्र विजेते. निवृत्तीनंतर ते राहिले कुठे, तर फलटणजवळच्या विंचुर्णीला! सातारा जिल्ह्याचा तो कोरडा भाग. बंदर नाही, बारा नाही. भारतीय माणसाने एकट्याने, शिडाच्या नौकेतून, पृथ्वीप्रदक्षिणा करावी हा ध्यास या गृहस्थांचा. २००६ मध्ये नौदलाने ते मनावर घेतले आणि कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. दोंदे नौदलातले पाणबुडे, म्हणजे पाण्याखालच्या कामात तरबेज. पण एकट्याने महासागर ओलांडणे ही वेगळीच विद्या, आणि ती शिकवणारा माणूस तेव्हा देशात नव्हता, कारण ते कोणी केलेलेच नव्हते.

म्हणून ते सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे गेले. १९६८-६९ मध्ये कुठेही न थांबता एकट्याने जगप्रदक्षिणा करणारा हा पहिला माणूस. गंमत अशी की त्यांची 'सुहेली' ही ३२ फुटी सागवानी नौका मुंबईत, आपल्याकडच्या सुतारांच्या हातून घडलेली. म्हणजे विद्या परदेशी, पण लाकूड आणि हात इथले.

आता आपल्या घरची गोष्ट. दोंद्यांची नौका बांधली गेली दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या अ‍ॅक्वेरियस कारखान्यात. आपण दिवाडीला जातो ते बोंदेरा बघायला, फेरीबोटीतून उतरून. त्याच बेटावर ५६ फूट लांबीची, लाकडी गाभ्यावर फायबरग्लास चढवलेली नौका उभी राहत होती, आणि आपल्यापैकी किती जणांना त्याचा पत्ता होता? दांडेकरांनी तोवर महासागरात जाणारी अशी नौका बांधलेली नव्हती आणि दोंद्यांनी अशी चालवलेली नव्हती. दोघेही शिकाऊ! फेब्रुवारी २००९ मध्ये ती नौदलात दाखल झाली. नाव 'म्हादई'. ज्या नदीच्या पाण्यासाठी आपण कर्नाटकाशी भांडतो, तिचे नाव जगाला वळसा घालून आले हे आपल्या मुलांना शाळेत सांगतात की नाही, कोण जाणे.

नौका घडत असताना तिच्याजवळ असण्याला मी या शिक्षणातला सर्वांत मोठा धडा मानतो. भर समुद्रात मिस्त्री बोलावता येत नाही. कुठली तार कुठून गेली, कुठला पंप कुठे बसवला, सुकाणू कशाला जोडले आहे, हे अंधारात चाचपून कळले पाहिजे. फाटले शीड आपणच शिवायचे, जनरेटर आपणच खोलायचा, झोप तुकड्या-तुकड्यांनी घ्यायची. आणि वारा वाढल्यावर नव्हे, वाढणार असे दिसताच शीड आखूड करायचे. खारा वारा कोणता, मतलई कोणता, उधाण कधी, भांग कधी, हे आपल्या खारव्यांना उपजत येते असे आपण म्हणतो. उपजत कसले? बापाबरोबर सातव्या-आठव्या वर्षापासून होडीत बसल्याने येते. आमच्या पणजीत जन्मलेल्या माझ्यासारख्यांना मिरामारच्या वाळूत उभे राहून ते आलेले नाही.

जगप्रदक्षिणेचे नियम कडक. विषुववृत्त दोनदा ओलांडायचे, सुएझ-पनामासारखे कालवे वर्ज्य, किमान २१,६०० सागरी मैल. त्याआधी दोंदे सहकाऱ्यांबरोबर मॉरिशसला गेले आणि परतताना एकटे आले; ही त्यांची परीक्षाच म्हणायची. १९ ऑगस्ट २००९ ला, नारळी पौर्णिमा होऊन दोन आठवडे झाले असताना, त्यांनी मुंबई सोडली. फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅनली, केप टाऊन असे चार थांबे घेऊन मे २०१० मध्ये ते परतले. पुढे २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी याच म्हादईतून न थांबता फेरी पूर्ण केली.

परसवाड्याच्या मुलीच्या कामाचा कागद मात्र याच्यानंतरचा आहे. दिवाडीलाच 'तारिणी' बांधली गेली आणि १० सप्टेंबर २०१७ रोजी सहा महिला नौदल अधिकारी तिच्यातून गोव्याहून निघाल्या. त्यांना शिकवणारे दोंदेच. कप्तान वर्तिका जोशी उत्तराखंडच्या. पायल गुप्ता देहरादूनची. प्रतिभा जामवाल कुलूची, विजया देवी मणिपूरची, ऐश्वर्या बोड्डपाटी हैदराबादची. समुद्राकाठची एकच, विशाखापट्टणमची स्वाती. सहातल्या पाच जणी डोंगरातल्या नाहीतर पठारावरच्या! जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी केप हॉर्नला वळसा घातला. परतीच्या वाटेवर सुकाणूची यंत्रणा बिघडली, तेव्हा मॉरिशसच्या पोर्ट लुईला थांबून ती दुरुस्त करून घेतली आणि २१ मे रोजी गोव्यात आल्या.

मुलीच्या वडिलांसाठी एक जोडकागदही आहे, त्यांच्याच राज्यातला. देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी नेहा ठाकूर भोपाळच्या बड्या तलावावर, तिथल्या नॅशनल सेलिंग स्कूलमध्ये शिडाची छोटी होडी चालवायला शिकली. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत, सतरा वर्षांची असताना, तिने रौप्यपदक मिळवले. तलावात भरती-ओहोटी नसते, लाटाही नावापुरत्या. पण वाऱ्याकडे बघून शीड कसे धरायचे ते तलावातही तसेच शिकावे लागते. होडी उलटली की सरळ करायलाही तिथेच शिकतात, आणि तेही भीती न बाळगता.

तिला मी हेच कळवले, आणि वडिलांना दाखवण्यासाठी शेवटची नोंदही. दिलना के. आणि रूपा ए. या दोन लेफ्टनंट कमांडर तीन वर्षे तयारी करत होत्या. आधी मोठ्या चमूबरोबर महासागर पार केले, मग दोघींनीच गोवा ते पोर्ट ब्लेअर आणि परत, मग दोघींनीच मॉरिशस. त्यानंतर २ ऑक्टोबर २०२४ ला तारिणी पुन्हा आयएनएस मांडवीहून सुटली. अभिलाष टॉमी त्यांचे गुरू. २९ मे २०२५ ला त्या मुरगाव बंदरात परतल्या तेव्हा आठ महिने होत आले होते. दिलना कोझिकोडची आणि रूपा पुदुच्चेरीची, म्हणजे दोघी समुद्राकाठच्या हे खरे. तरी तयारीची तीन वर्षे त्यांनाही चुकली नाहीत.