धूरभाजणीची मृत्पात्रे

चाकाशिवाय, हाताने घडवलेली आणि झिलईऐवजी धुराच्या काजळीने रंगलेली पात्रे. चिमटीने किंवा मातीच्या वळ्या एकावर एक रचून भिंत उभी करतात. पात्र अर्धवट सुकले की गुळगुळीत गोट्याने वा चमच्याच्या पाठीने घोटतात. कण दबून बसतात आणि चकाकी येते. ती टिकवण्यासाठी पहिली भाजणी साधारण १००० अंश सेल्सिअसच्या आत ठेवतात.

नंतर खड्ड्यात किंवा पत्र्याच्या पिंपात भुसा, गवत, शेण यांत पात्र पुरून धुमसत ठेवतात. हवा अपुरी पडल्याने इंधन पूर्ण जळत नाही, कार्बन मातीच्या छिद्रांत शिरतो. पात्र पुन्हा मोकळ्या हवेत तापवले तर तोच कार्बन जळून काळेपणा जातो, म्हणून धूर शेवटी.

डोंगर-झाडांचे चित्र या पात्रांवर क्वचितच असते. भूदृश्य येते ते आकाराच्या उतारातून आणि काळ्याकडून तपकिरीकडे सरकणाऱ्या डागांतून. जन्माने जर्मन, लंडनमध्ये काम करणाऱ्या गाब्रिएले कोख यांच्या घोटीव पात्रांमागे स्पेनच्या भूमीची ओढ आहे. डाग म्हणजे निव्वळ आगीची मर्जी, हे वारंवार केले जाणारे विधान अतिशयोक्त आहे. बारीक भुसा सावकाश जळतो व गडद काळा देतो. जाड ढलप्या भराभर पेटून विरळ खुणा सोडतात. धूर नको तिथे मातीचा लेप देतात. तांब्याच्या क्षारांनी लालसर, मिठाने नारिंगी छटा मिळते. नेमकी कड कुठे उमटेल, एवढेच हातात नसते.

न्यू मेक्सिकोतील सान इल्देफोन्सो पुएब्लो येथे मारिया व हुलियन मार्टिनेझ यांनी १९१९च्या सुमारास चकचकीत काळ्यावर मंद काळी नक्षी साधली; जाळ शेणाच्या भुकटीने गुदमरवून पात्र सबंध काळे करण्याची ही पद्धत. विदर्भात माहुरझरी, नायकुंड येथील महापाषाणयुगीन काळी-तांबडी भांडी आतून व काठाशी काळी, बाहेरून तांबडी आहेत. ती पालथी घालून भाजली असावीत, असे सामान्यतः मानले जाते. मात्र त्यांतली बरीच चाकावरची, म्हणून त्यांचे नाते फक्त धुराशी.

आजची पात्रे बहुधा शोभेची. ती सच्छिद्र राहतात, पाणी झिरपते; मेण चोळल्याने चकाकी वाढते, गळती पुरती थांबत नाही.