वाजवणारे, नाचणारे आणि समीक्षक

मंडळी, परभणीत बँडवर बोलायचं आणि सुरुवात इंग्लंडच्या कोळसा खाणीतून करायची, हे जरा उलटंच वाटेल. पण आपल्याकडच्या वाजंत्र्यांवर सिनेमा आला तेव्हा समीक्षेतून काय निसटलं, ते त्या इंग्रजी सिनेमाशेजारी ठेवल्यावरच नीट दिसतं.

१९९६ साली मार्क हर्मन यांचा 'ब्रास्ड ऑफ' आला. नावातच कोटी आहे. ब्रास म्हणजे पितळ, पितळी वाद्यांचं. आणि पूर्ण शब्दाचा अर्थ 'वैतागलेला'. त्यातलं ग्रिमली हे गाव काल्पनिक, पण बेतलंय यॉर्कशायरच्या ग्रिमथॉर्पवर. ऑक्टोबर १९९२ मध्ये ब्रिटिश सरकारनं ३१ खाणी बंद करायचं जाहीर केलं. त्याच महिन्यात ग्रिमथॉर्पच्या खाणीचा बँड लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये राष्ट्रीय स्पर्धा जिंकला. पुढच्या वर्षी खाण बंद! सिनेमात ऐकू येतं ते वादन याच बँडचं आहे.

समीक्षकांची पंचाईत इथंच झाली. छातीत कोळशाची धूळ साठलेला बँडमास्तर डॅनी पीट पोस्टलथ्वेटनं असा उभा केला की त्याबद्दल फारसा वाद झाला नाही. वाद झाला बाकीच्यावर. कुणाला सिनेमा भाषणबाज वाटला, कुणाला फार भावुक. प्रेमकथा आणि कामगारांचं राजकारण यांचा सांधा नीट बसत नाही, ही तक्रार तर बरीच झाली. अमेरिकेत तो हलकीफुलकी प्रेमकथा म्हणून खपवला गेला. फ्रान्सनं मात्र त्याला परकीय चित्रपटाचं सेझार पारितोषिक दिलं.

आम्हाला ती सांध्याची तक्रार पटत नाही. डॅनीचा मुलगा फिल कर्जात बुडालेला. पोटासाठी लहान मुलांच्या कार्यक्रमात विदूषक होतो, आणि त्याच रंगीत कपड्यांत गळफास लावून घ्यायला जातो. आता यातलं हसू वेगळं काढा म्हटलं तर काढणार कसं? पोट भरायला हसवावं लागतं, हाच तर त्याचा प्रसंग आहे.

आपल्याकडे याच्या जवळचा म्हणावा असा सिनेमा म्हणजे 'नटरंग'वाल्या रवी जाधवांचा हिंदी 'बँजो', सप्टेंबर २०१६ चा. पितळी बँड नव्हे, मुंबईच्या गणपती-दहीहंडीतली बँजो पार्टी. पण वाजवणारे हातावर पोट असलेलेच. परीक्षणांचा सूर साधारण असा: रितेश देशमुखचं काम चांगलं, कथा ओळखीची, पटकथा ढिली. हे खोटं नाही. पण सण संपल्यावर ही माणसं खातात काय, हा प्रश्न सिनेमानं अर्धवट विचारला, आणि परीक्षणांनी तो तिथंच सोडून दिला. अमेरिकेहून आलेली नायिका त्यांना शोधते, मग त्यांचं भलं होतं! डॅनीच्या बँडला शोधत कुणी आलं नाही.

एक फरक मात्र नोंदवायला हवा. ग्रिमथॉर्पचा माणूस पोटासाठी कोळसा काढायचा, वाजवायचा अभिमानासाठी. आपल्या हलगी-सनईवाल्याला, पुढं बँडवाल्याला, वाजवणं हीच मजुरी, आणि बऱ्याचदा ती जातीनं वाट्याला आलेली. त्यामुळं त्याच्या कलेचं कौतुक करताना आपली जीभ जरा अडखळते. भारतीय लग्नातल्या बँडवर ग्रेगरी बूथ यांनी २००५ मध्ये 'ब्रास बाजा' हे अख्खं पुस्तक लिहिलं. ते काम परदेशातल्या अभ्यासकानं करावं, याचं आम्हाला अजून वाईट वाटतं.

चातुर्मासात लग्नं नसतात, म्हणजे सुपारी नाही. लग्नसराईत इसार मिळतो, पण आता तो डीजेवाल्याकडं वळलाय. तरी गंगाखेड-पाथरीकडं एखादा परण्या मारुतीला निघतो, तेव्हा घोड्यापुढं खांद्याला बिल्ले लावलेली, घामानं भिजलेली माणसं दिसतात. वरातीत नाचणाऱ्याला ती मजा वाटते. ट्रम्पेटवाल्याचं लक्ष मात्र ठरलेले पैसे आज रात्रीच मिळतील का, याच्याकडं असतं.