दुष्काळातली सोबत : पंडिता रमाबाई आणि विश्वासाचा अर्थ



संकटात देव आपल्याबरोबर असतो, असं ख्रिस्ती माणूस म्हणतो. म्हणजे तो नेमकं काय म्हणतो, हा आजचा प्रश्न. तत्त्वज्ञानाच्या वर्गात हा प्रश्न 'दुष्टतेची समस्या' या नावाने शिकवतात. देव चांगला आहे आणि समर्थही आहे, तर मग दुःख का? मी तो अनेक वर्षं तसाच शिकवला. पण आज तो फळ्यावर न मांडता एका आयुष्यात पाहू या. ते आयुष्य आपल्याच मातीतलं आहे, पंडिता रमाबाईंचं.

रमाबाई 1858 साली जन्मल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत देशभर फिरायचं. मग मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. जवळचं दानधर्मात आणि अन्नात संपलं, भांडी विकली गेली, शेवटचा दाणाही संपला. तिरुपतीच्या बाजूच्या रानात या कुटुंबाने अकरा दिवस पाणी आणि झाडपाल्यावर काढले. म्हातारे, दृष्टी जवळजवळ गेलेले वडील जलसमाधी घ्यायला निघाले. तेव्हा भाऊ श्रीनिवास म्हणाला, मी मजुरी करीन, पण हे नको. विद्वान ब्राह्मणाच्या मुलाने मजुरीला जाणं, ही त्या काळात किती मोठी गोष्ट होती ते लक्षात घ्या. पुढे काही महिन्यांतच वडील गेले, आई गेली, थोरली बहीणही गेली.

हे सगळं आपल्याला कळतं ते रमाबाईंनीच लिहून ठेवलं म्हणून. त्यात दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे त्यांची कडवट तक्रार. आम्ही नेम केले, दानं दिली, आणि देव पावले नाहीत. दुसरी म्हणजे निरोप घेताना वडिलांनी केलेला उपदेश. तुला मी देवाच्या हाती दिलं आहे, त्याचीच सेवा कर, अशा आशयाचा. पहिली गोष्ट त्यांनी टाकली, दुसरी जन्मभर जपली. म्हणून त्यांची कथा 'जुना धर्म खोटा, नवा खरा' इतकी सोपी करू नका. त्यांचा विश्वास तुटला तो एका प्रकारच्या व्यवहारावरचा. मी देवाला इतकं दिलं, आता देवाने मला इतकं द्यावं. हा व्यवहार काही एकाच धर्मात चालतो असं नाही. चर्चमध्येही तो भरपूर चालतो.

पुढचा भाग भराभर सांगतो. 1880 साली भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न केलं. 1882 साली तेही गेले. पदरात मनोरमा, वर्षाचीही नाही. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे माय-लेकींचा बाप्तिस्मा झाला. पण बाप्तिस्मा झाला म्हणून रमाबाई गप्प बसल्या नाहीत. ज्या जोगिणींनी त्यांना आसरा दिला होता, त्यांच्याशीच त्यांनी धर्मसिद्धांतांवरून पत्रांतून कडाकडा वाद घातला. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असं त्यांनी पुढे 1907 च्या आपल्या साक्षीत नोंदवलं आहे. हा फरक महत्त्वाचा. धर्म म्हणजे विधानं, ती पटतात किंवा पटत नाहीत. सोबत ही विधानाच्या स्वरूपाची नसते.

1889 मध्ये मुंबईत शारदा सदन निघालं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. 1893 मध्ये धर्मांतराच्या मुद्द्यावरून वादळ उठलं. रानडे, भांडारकर अशी सल्लागार मंडळी बाजूला झाली, कितीतरी मुलींना घरच्यांनी काढून नेलं.

आता 1896. लोणावळ्याच्या ख्रिस्ती शिबिरात रमाबाईंनी एक चमत्कारिक प्रार्थना केली. बरोबर ख्रिस्ती झालेल्या पंधरा मुली होत्या. त्या पंधरांचा वर्ग कर, म्हणजे दोनशे पंचवीस कर, असं देवाला मागणं. आणि त्याच वर्षाअखेर मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन आल्या.

इथे थांबू या. भाविक लोक ही गोष्ट आनंदाने सांगतात, की प्रार्थना फळली. पण माझ्यासारख्याला इथे ठेच लागते. एका आश्रमाची पटसंख्या भरावी म्हणून देवाने दुष्काळ पाठवला? असा हिशेब मांडला तर देव क्रूर ठरतो, आणि आपण पुन्हा त्याच जुन्या व्यवहारात येऊन पडतो.

मग दुसरं वाचन कोणतं? ते रमाबाईंच्या कृतीत सापडतं. त्या त्या मुलखात गेल्या, कारण वीस वर्षांपूर्वीची स्वतःची भूक त्या विसरल्या नव्हत्या. दुष्काळाच्या छावण्यांमध्ये तरुण मुलींचं काय होतं, हे त्या अर्ध्या नजरेत ओळखू शकत होत्या. हाताशी पैसा पुरेसा नव्हता. अमेरिकेतल्या मंडळींनी दिलेलं दहा वर्षांच्या मदतीचं वचनही संपत आलं होतं. पुण्यात प्लेगमुळे नव्या मुलींना ठेवता येईना, म्हणून केडगावला घेतलेल्या जमिनीवर त्यांना नेलं. तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. इतक्या तोंडांना रोज अन्न, विहिरी, शेती, विणकाम, छापखाना. देव बरोबर आहे, या वाक्याचा अर्थ तिथे असा होता.

आणखी एक. देवावर भरवसा म्हणजे सोसत राहणं, असा एक समज आहे. 1897 मध्ये पुण्यातल्या प्लेगच्या इस्पितळात आणि छावणीत बायकांची जी हेळसांड चालली होती, आपल्याकडच्या एका मुलीचं जे झालं, त्याबद्दल रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' मध्ये जाहीर पत्र लिहिलं. सरकारने आरोप नाकारले. पण बाई बोलल्या. राज्यकर्ते ख्रिस्ती आणि आपणही ख्रिस्ती, म्हणून जीभ आवरली नाही. ज्याला सोबत असल्याची खात्री असते, तो कमी घाबरतो.

शेवटचा घाव 1921 चा. आईचं काम पुढे नेणारी मनोरमा, वयाच्या चाळिशीत, आईआधी गेली. यावर कोणतं समर्थन द्याल? मला तरी एकही सापडत नाही. कुठलाही वर्ग करून हे गणित सुटत नाही. तेविसावं स्तोत्र तुम्ही वाचलं असेल. त्यात अंधाऱ्या दरीला वळसा घालून जायची वाट दिलेली नाही. दरीतूनच जायचं आहे, पण एकट्याने नाही. रमाबाईंच्या हाती तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून करायला घेतलेलं बायबलचं सोपं मराठी भाषांतर होतं, अडाणी बायकांना कळावं असं. ते काम त्यांनी सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या.

तर मंडळी, दुःख का, याचं उत्तर या आयुष्यात मिळत नाही. मिळतो तो एक निकष. माझा विश्वास खरा की नुसता व्यवहार, हे कसं ओळखायचं? मागितलेलं मिळालं नाही तेव्हा दुसऱ्याची भूक मला दिसते का, आणि हात कामाला लागतात का, एवढं पाहायचं. नास्तिक श्रोत्यांनाही हा निकष तपासून पाहायला हरकत नाही.

इथे थांबतो. आता प्रश्न घेऊ या.