काचेसारखी पिशवी आणि तिच्यामागचं पाणी



बेदाणा, हळद, गूळ पावडर घरीच पॅक करून विकणारे आपल्यात वाढलेत. पिशवी घ्यायला गेलं की दुकानदार म्हणतो, काचेसारखी दिसते ती घ्या, माल उठून दिसतो. खरंय त्याचं. पण ही काच आली कुठनं ते माहीत असलेलं बरं, नायतर माल नासतो.

आधी पॉलिथिन आलं. १९३३ च्या मार्चमध्ये इंग्लंडात आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत गिब्सन आणि फॉसेट हे दोघं इथिलीन वायूवर प्रचंड दाब देऊन दुसरंच काही करू बघत होते. ते जमलं नाही, भांड्यात मेणासारखा पांढरा पदार्थ मात्र उरला. १९३९ ला कारखाना सुरू झाला आन् तेव्हाच महायुद्ध लागलं. माल रडारच्या केबलींना लागला. कागद, म्हणजे आपण ज्याला कागद म्हणतो ती फिल्म, घरोघरी पोचली ती युद्धानंतर. भारतात पॉलिथिनचा कारखाना १९५९ ला बंगालमध्ये रिश्रा इथं निघाला.

हा कागद फुग्यासारखा काढतात. दाणा वितळवून गोल फटीतनं नळी बाहेर काढायची, आत हवा भरून फुगवायची, बाहेरनं वारा मारून गार करायची. नळी वर वर चढते, माथ्यावर रोलमध्ये चपटी होते. आपला मल्चिंग पेपर आणि शेडवरचा कागद अजून असाच निघतो.

१९५४ ला इटलीत नाट्टा यांनी पॉलिप्रॉपिलीन बनवलं, तेच आपलं पीपी. (१९६३ ला त्यांना नोबेल मिळालं.) पीपी कडक, उष्णता जास्त सोसणारं. पण फुगवून वाऱ्यावर गार केलं की धुरकट व्हायचं. कारण सोपं आहे. साखरेचा पाक सावकाश गार झाला की खडीसाखरेचे मोठे खडे धरतात. पीपीतही सावकाश गार होताना मोठे स्फटिक धरतात आणि उजेड अडवतात. वारा तेवढा झटपट गार करू शकत नाही, पाणी करतं.

मग मशीनच उलटं केलं. डाय वर, फुगा खाली येणारा, आणि त्याच्या अंगावरनं गोल कड्यातनं थंड पाण्याची सारखी धार. खडे धरायला वेळच मिळत नाही, फिल्म लख्ख निघते. धार एका बाजूला कमी पडली की तिथं पट्टा उमटतो. ओली फिल्म पुसून, सुकवून मग गुंडाळायची. आपल्याकडं याला टीक्यूपीपी म्हणतात. कपड्याच्या दुकानातली चुरचुरणारी पिशवी बहुतेक हीच.

आता आपल्या कामाचं. पाण्यानं पीपीचं दिसणं सुधारलं, स्वभाव नाही. शून्याच्या आसपास साधं पीपी ठिसूळ होतं. गोठवलेला मटार, मक्याचे दाणे, आंब्याचा पल्प असल्या पिशवीत भरून फ्रीझरला टाकला आणि क्रेट आपटला की पिशवी तडकते. पॉलिथिन थोडं धुरकट दिसेल, पण गारठ्यात मऊ राहतं. दुकानात मांडायच्या कोरड्या मालाला पीपी, गोठवायच्या मालाला पॉलिथिन, असं माझं मत.

दोन्ही पाण्यावर तरंगतात, त्यामुळं बादलीत टाकून ओळख पटत नाही. मुठीत चुरगाळून आवाज ऐका. आणि शंका असंल तर एक पिशवी रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, सकाळी बाहेर काढल्याबरोबर घडी घालून जोरात दाबा.